माओरी पद्धतीचं लाकडावरचं कोरीवकाम: मुंबईत घरच्या घरी सुरुवात कशी करायची आणि हत्यारं कुठली घ्यायची

माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, त्यांचं कोरीवकाम म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर आधी तो चेहरा येतो, बाहेर काढलेली जीभ, शिंपल्याचे चमकणारे डोळे, गालांवर गोल गोल रेघा, आणि मग पहिल्याच लाकडावर तोच चेहरा काढायचा असतो. माझं स्पष्ट मत आहे की चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. एक तर तो खरंच अवघड आहे, उंचसखल पातळ्या डोक्यात पक्क्या बसल्याशिवाय जमत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांच्या फारेनुईत, म्हणजे त्यांच्या सभाघरात, खांबांवर आणि भिंतींच्या फळ्यांवर ज्या आकृत्या कोरलेल्या असतात त्या बऱ्याचदा ठराविक पूर्वजांच्या असतात, त्यांची नावं आणि वंश तिथल्या लोकांना माहीत असतात. आपल्याकडे देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात, ते कुणी फोटो बघून बनवून शोपीस म्हणून विकायला ठेवले तर आपल्याला कसं वाटेल, तसंच ते आहे.

म्हणून हे गाइड रेघांचं आहे. या कलेला ते फाकाइरो म्हणतात आणि तिचा खरा जीव माझ्या मते रेघांमध्येच आहे. समांतर खोदलेल्या चरांना हाएहाए म्हणतात, दोन चरांच्या मधल्या उंच पट्टीवर ओळीने खाचा पाडून जे दात तयार होतात त्यांना पाकाती, आणि हे दोन्ही मिळून जो नमुना होतो तो राउपोंगा. त्यात नेच्याच्या कोवळ्या गुंडाळलेल्या पानाचा आकार म्हणजे कोरू, आणि एकात एक गुंतलेली चक्रं, म्हणजे स्पायरल, की तुमच्याकडे वर्षभर सराव करायला पुरेल एवढं सामान झालं. आपण इथे 18 सेंमी बाय 18 सेंमीची, साधारण 25 मिमी जाडीची एक फळी घेणार आहोत आणि तिच्यावर दुहेरी चक्र राउपोंगासकट कोरणार आहोत. मांडणी मी शिकायला सोपी पडावी म्हणून साधी केलेली आहे, कुठल्या सभाघरातली नक्कल नाही.

हत्यारं

माओरींकडे पूर्वी धातू नव्हता. मोठं लाकूड तासायला दगडी पात्याचा वाकस, त्याला ते तोकी म्हणतात, आणि बारीक कामाला दगडी पटाशी, ती फाओ. यातली सगळ्यात चांगली पाती पोउनामूची असायची, हा हिरवा, प्रचंड चिवट दगड फक्त न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सापडतो, आणि त्याला धार लावायची म्हणजे वाळूच्या दगडावर पाणी टाकून दिवसेंदिवस घासत बसायचं. 1769 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक तिकडे पोचला आणि त्यानंतर लोखंड यायला लागलं, तेव्हा साधे जहाजाचे खिळेसुद्धा घासून दांड्याला बांधून पटाशी म्हणून वापरले गेले. लोखंडी धार आल्यावर काम जास्त बारीक आणि जास्त भरगच्च व्हायला लागलं. आपण आज ज्या दाट रेघा बघतो त्यातल्या बऱ्याच लोखंड आल्यानंतरच्या आहेत हे लक्षात ठेवा, म्हणजे स्टीलची हत्यारं वापरली तर ते "खरं" नाही असं वाटून घ्यायची काही गरज नाही.

वाकसाबद्दल एक सांगतो. 1927 मध्ये रोटोरुआ गावात सर आपिराना न्गाता यांच्या पुढाकाराने माओरी कलांची शाळा सुरू झाली. न्गाता माओरी पुढारी आणि खासदार होते. तिथली पोरं पटाशी छान चालवायची पण वाकसाची जुनी पद्धत जवळजवळ विसरली गेली होती, मग पिने तायापा या तरुण कारागिराने एरामिहा कापुआ नावाच्या जुन्या जाणत्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि पुढे ती टिकली. आपल्याकडे वाकस चालवणारे सुतार अजून आहेत, गावाकडे तर नक्कीच, असा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्या शेजारी बसून नुसतं बघा, मनगट किती कमी हलतं आणि वजन कसं आपोआप काम करतं ते. आपल्या फळीला वाकस लागणार नाही, पण लाकूड कुठल्या बाजूने सुटतं ते वाकसाचं काम बघून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशाने कळत नाही.

आता विकत काय घ्यायचं. ऑनलाइन ते बारा-बारा हत्यारांचे स्वस्त सेट मिळतात त्यांच्या नादी लागू नका, त्यातली निम्मी कधी वापरात येत नाहीत आणि पातं मऊ असेल तर धार दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. त्यापेक्षा पाचच घ्या पण चांगली घ्या. एक 12 मिमीची सपाट पटाशी, एक 6 मिमीची सपाट पटाशी, एक 12 मिमीच्या आसपासची उथळ गोल पटाशी (गोल पटाशांना नंबर असतात, 3 म्हणजे जवळजवळ सपाट, जसा नंबर वाढतो तसा खोलगटपणा वाढतो, तर 4 किंवा 5 नंबर बघा), एक 8 मिमीची खोल गोल पटाशी, 8 किंवा 9 नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्ही टूल, इंग्रजी व्ही आकाराच्या धारेची पटाशी, 60 अंशाचं, 6 मिमीचं. पैसे कमी असतील तर बाकी चार साधी घ्या आणि व्ही टूलवर खर्च करा, कारण हाएहाएचं सगळं काम त्याच्यावर आहे.

सपाट पटाशा नागदेवी स्ट्रीटला हँड टूल्सच्या दुकानांत मिळतात, तिथे हातात घेऊन बघता येतं हा मोठा फायदा. कोरीवकामाच्या गोल पटाशा आणि व्ही टूल बहुतेक ऑनलाइनच मागवावं लागतं. चोरबाजारात जुन्या पटाशा सापडतात आणि कधीकधी फार चांगलं पोलाद मिळून जातं, पण बघून घ्या, पटाशीची मागची सपाट बाजू धारेजवळ गंजाने खड्डे पडलेली असेल तर सोडून द्या, कारण तो खड्डा धारेपर्यंत आला की धारेत खाच पडणारच. पातं टोकाला निळसर दिसत असेल तर कुणीतरी ग्राइंडरवर तापवून त्याचं पाणी उतरवलेलं आहे, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेलेला आहे, तेही नको.

ठोकायला लोखंडी हातोडा चालणार नाही, पटाशीची मूठ फुटते आणि हातालाही झटके बसतात. लाकडी मोगरी पाहिजे, साधारण 400 ते 500 ग्रॅमची, गोल असली तर उत्तम, म्हणजे कुठल्याही बाजूने लागली तरी फटका सारखाच बसतो. ओळखीचा कातारी असेल तर बाभळीच्या किंवा शिसवाच्या तुकड्यातून लेथवर काढून घ्या, आयुष्यभर टिकेल.

धार, यावर जरा जास्त बोलणार आहे

कोरीवकाम बिघडतं त्यात बहुतेक वेळा धारेचा दोष असतो, हाताचा नाही. नवीन आणलेली पटाशी धार लावलेली आहे असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी ती लाकूड कोरण्याएवढी धारदार नसतेच असं धरून चाला. दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड सुरुवातीला चालतो, पण त्यानंतर 1000 आणि 3000 ग्रिटचा बारीक दगड आणि शेवटी चामड्याची पट्टी हे पाहिजेच. चामडं धारावीत लेदरच्या दुकानांतून उरलेला तुकडा म्हणून मिळतं, जाड आणि कडक बघा, लाकडाच्या पट्टीवर खरखरीत बाजू वर करून चिकटवा आणि त्यावर पॉलिशिंग कंपाउंडची हिरवी वडी घासा, तिलाच साबण म्हणतात.

सपाट पटाशीची आधी मागची बाजू दगडावर आरशासारखी सपाट करायची, पूर्ण नाही, धारेजवळची दोन-तीन सेंमी पुरे. मग पुढची उतरती बाजू साधारण 25 अंशावर, मऊ लाकडासाठी थोडी कमी चालते. मागच्या बाजूला बोट फिरवलं की अगदी बारीक करकरीत कड लागते, ती पूर्ण रुंदीवर लागली की समजायचं त्या दगडाचं काम झालं, पुढच्या बारीक दगडावर जा. गोल पटाशीला दगडावर आडवं धरून मनगट गोल फिरवत डावीकडून उजवीकडे न्यायचं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सारखं, कोपरे जास्त घासले गेले तर पटाशी टोकदार चमच्यासारखी होते आणि मग ती काही कामाची राहत नाही. आतली बाजू चामडं गुंडाळलेल्या गोल काठीने पुसून काढायची.

व्ही टूल लोकांना छळतं. त्याच्याकडे दोन छोट्या सपाट पटाशा आणि त्या जिथे भेटतात तिथे एक अगदी बारीक गोल पटाशी असं बघा. दोन्ही बाजू सपाट पटाशीसारख्या सारख्याच घासायच्या, मग खालच्या कण्यावर आकड्यासारखं एक टोक पुढे आलेलं दिसतं, ते टोक कण्याला थोडी गोलाई देत हळूहळू घालवायचं. एक बाजू जास्त घासली तर टूल एका अंगाला ओढतं आणि चर वाकडा जातो.

धार झाली की नाही ते बघायला नख किंवा केस नको, पाइनसारखं मऊ लाकूड घ्या आणि रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, आडवं कापा. कापलेली जागा गुळगुळीत आणि चकचकीत दिसली पाहिजे. त्यात पांढरी बारीक रेघ दिसली तर धारेत तेवढ्या जागी खाच आहे, परत दगडावर. आणि काम करताना दर दहा-पंधरा मिनिटांनी चामड्यावर पाच-सहा वेळा ओढायची सवयच लावून घ्या, मागे ओढायचं, पुढे ढकलायचं नाही, नाहीतर चामडं कापलं जाईल.

लाकूड

माओरी कारागिरांचं आवडतं लाकूड म्हणजे तोतारा, हलकं, सरळ रेषांचं, कोरायला मऊ आणि तरी कुजायला चिवट. उत्तरेकडे कौरीसुद्धा वापरतात. ही दोन्ही आपल्याला मिळणार नाहीत आणि त्यासाठी धडपडूही नका. मुंबईत टिंबर मार्केटला "न्यूझीलंड पाइन" म्हणून लाकूड मिळतं, नाव ऐकून हुरळून जाऊ नका, ते रेडिएटा पाइन आहे, मूळचं कॅलिफोर्नियाचं झाड, न्यूझीलंडमध्ये लागवड करून जगभर विकतात. त्यात एक वलय मऊ आणि एक कडक असतं, पटाशी मऊ भागात पटकन आत जाते आणि कडक भागावर अडकते, त्यामुळे पाकातीचे दात चुरडतात. नुसते सरळ चर मारायच्या सरावाला चालेल. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन फुकटात मिळत असेल तर आधी त्यावरचा शिक्का बघा, एचटी असेल तर लाकूड तापवून घेतलेलं आहे, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू दिलेला आहे, ते घरात आणू नका.

माझी पहिली पसंती शिवण. हलकं, फिकट रंगाचं, एकसारखं, पटाशीला अजिबात त्रास न देणारं, आणि आपल्या सह्याद्रीतलंच. रे रोडच्या टिंबर मार्केटमध्ये चौकशी करा, तिथे बरेच जण त्याला गमारी म्हणतात. हेदही छान, पिवळसर आणि बारीक पोताचं, पण थोडं कडक. सावंतवाडीची खेळणी ज्याची करायचे तो पांगारा फारच मऊ आहे, त्यावर खाचा टिकत नाहीत. साग सगळ्यांच्या घरी असतो म्हणून लोक तोच घेतात, कोरता येतो नक्कीच, पण सागात सिलिका असते आणि ती धार खाते, सतत दगडावर जावं लागतं. जुन्या चाळी पाडल्यावर निघालेल्या सागाच्या तुळयांचे तुकडे ओशिवऱ्याच्या बाजारात वगैरे मिळतात, लाकूड एकदम मुरलेलं असतं, ते घेतलंत तर आधी लोहचुंबक सगळीकडून फिरवा, आत तुटलेला खिळा असेल तर नवीन पटाशीचा बळी जाईल. प्लाय आणि एमडीएफ या कामाला चालत नाहीत.

दुकानदार घनफुटाच्या भावात बोलतो, आपल्याला एवढंसं पाहिजे, तर कापून उरलेले तुकडे मागा, बहुतेक जण देतात. रेषा सरळ आणि गाठ नसलेला तुकडा निवडा. घरी आणला की लगेच कोरायला घेऊ नका, ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत तीन-चार आठवडे पडू द्या, खाली दोन पट्ट्या ठेवून, म्हणजे सगळीकडून हवा लागेल, आणि दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल लावा, नाहीतर टोकाकडून तडे जातात.

बसायचं कुठे, धरायचं कसं

आपले सुतार पायाच्या बोटांत लाकूड धरून काम करतात आणि ते बघायला फार सुंदर वाटतं, पण गोल पटाशी पायाकडे सुटली तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून तुम्ही ते करू नका. लाकूड पक्कं धरलेलं पाहिजे आणि दोन्ही हात धारेच्या मागे पाहिजेत, हा एकच नियम पाळला तरी निम्मी इजा टळते. मी कागदाचा जोड वापरतो. फळीच्या मागे फेव्हिकॉल, त्यावर वर्तमानपत्राचा एक थर, परत फेव्हिकॉल आणि खाली फळीपेक्षा मोठा प्लायचा तुकडा, रात्रभर दाबून ठेवायचं. मग तो प्लाय टेबलाला दोन सी क्लॅम्पने आवळायचा, फळीवर कुठेच क्लॅम्प येत नाही त्यामुळे हत्यार सगळीकडून फिरतं. काम झालं की सपाट पटाशी सांध्यात हळूच ठोकली की कागद फाटून फळी अलगद सुटते, मागचा कागद ओल्या फडक्याने निघतो.

फ्लॅटमध्ये मोगरीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. टेबलाच्या पायांखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे दोन-तीन थरात घातले की बराच कमी होतो. दुपारी दोन ते चार ठोकायचं काम ठेवू नका, तेव्हा नुसत्या हाताच्या दाबाने होणारं काम करा, तेही भरपूर असतं.

माओरी रिवाजात कोरताना उडालेल्या ढलप्या तोंडाने फुंकत नाहीत आणि त्या स्वयंपाकाच्या आगीतही घालत नाहीत, काम पवित्र मानलेलं असतं म्हणून. मी हे पाळतो, जुना रंगाचा ब्रश ठेवतो आणि त्याने झटकतो, शिवाय फुंकल्यावर भुसा सरळ डोळ्यात जातो तेही वाचतं.

चक्र काढणं

कागदावर एक आडवी सरळ रेघ मारा. तिच्या मध्यावर 12 मिमी अंतरावर दोन टिंबं, डावीकडचं क, उजवीकडचं ख. कंपासचं टोक क वर ठेवून 12 मिमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ रेघेच्या वर काढा, ते ख पासून सुरू होऊन डावीकडे उतरतं. जिथे उतरलं तिथूनच पुढे, आता टोक ख वर, त्रिज्या 24, अर्धवर्तुळ रेघेच्या खाली. परत क, 36, वर. परत ख, 48, खाली. परत क, 60, वर. झालं एक चक्र. आता हे ट्रेसिंग पेपरवर उतरवा, क आणि ख च्या बरोबर मध्ये टाचणी लावा, पेपर अर्धा फिरवा आणि पहिल्यावर छापा. दुसरं चक्र पहिल्याच्या बरोबर मधोमध बसतं, सगळीकडे 12 मिमीची पट्टी, एकूण रुंदी साधारण 13 सेंमी. बाहेरची दोन टोकं तुम्ही हाताने कोरूसारखी गोल गुंडाळून संपवा किंवा फळीच्या कोपऱ्यांकडे नेऊन सोडा. कार्बन पेपरने लाकडावर उतरवा, लाकडाच्या रेषा उभ्या ठेवा, 12 पासून 6 कडे, घड्याळाच्या हिशोबाने, पुढे सगळं मी घड्याळाच्या भाषेतच सांगणार आहे.

दोनपैकी एक पट्टी उंच राहणार, तिच्यावर राउपोंगा येणार. दुसरी खोल जाणार. खोल जाणाऱ्या पट्टीत आत्ताच पेन्सिलने गिरगोटून ठेवा, चक्रात मध्यावर आलं की कुठली कुठली ते भल्याभल्यांना कळत नाही.

कोरणं

आधी व्ही टूल. काढलेल्या रेघेच्या किंचित आत, गिरगोटलेल्या बाजूला राहून, दीड-दोन मिमी खोलीचा चर सगळ्या रेघांवर. पहिल्यांदाच खोल जायचं नाही. इथेच लाकूड तुम्हाला पहिल्यांदा उलट बोलतं, एका जागी चर लोण्यासारखा जातो आणि थोडं पुढे वळलं की एक भिंत गुळगुळीत आणि समोरची खरखरीत, रेषा उपटलेल्या. यात तुमचं काही चुकत नाहीये, गोल रेघेवर दोन भिंतींना उलट दिशा लागतात. उंच पट्टीची बाहेरची, फुगीर भिंत 3 कडून 12 कडे, 3 कडून 6 कडे, 9 कडून 12 कडे आणि 9 कडून 6 कडे कापली की स्वच्छ येते. तिची आतली, खोलगट भिंत बरोबर उलट, 12 कडून 3 आणि 9 कडे, 6 कडून 3 आणि 9 कडे. म्हणून उथळ चर मारून झाला की एकेक भिंत वेगळी साफ करायची, व्ही टूल किंचित तिरपं करून, म्हणजे एकच बाजू कापेल आणि दुसरी नुसती घसरेल. या चार दिशा हातात बसल्या की तुम्हाला कुठलंही चक्र, कुठलाही वेल जमतो, हे सगळ्यात मोठं शिकणं आहे, म्हणून घाई नको.

मग गिरगोटलेली पट्टी खोल गोल पटाशीने खाली घ्या, 4 ते 5 मिमी, रेषांना आडवं किंवा तिरपं कापत, सरळ रेषेत गेलात तर लांब ढलपी उठते आणि शेजारच्या उंच पट्टीला घेऊन जाते. तळ उथळ गोल पटाशीने एकसारखा करा, अगदी सपाट नको, पटाशीच्या लाटा दिसल्या तर छानच. उंच पट्टीचा माथा दोन्ही कडांकडे अगदी किंचित उतरता करा, नखभर, उजेड त्यावर वेगळा पडतो.

आता हाएहाए. 12 मिमीच्या उंच पट्टीवर दोन्ही कडांपासून 3 मिमी आत पेन्सिलच्या रेघा, मध्ये 6 मिमी उरतात. या दोन रेघांवर व्ही टूल, साधारण 2 मिमी खोल, परत तोच दिशांचा नियम. कडेच्या पट्ट्या बारीक असल्याने इथे मोगरी नको, दोन्ही हातांनी, एक ढकलणारा आणि एक लाकडाला टेकवून अडवणारा. अडवणारा हात नसेल तर टूल सटकून शेजारचा सगळा चक्राचा भाग खरडून जातं.

शेवटी पाकाती, मधल्या 6 मिमीच्या पट्टीवर. 5-5 मिमीवर आडव्या खुणा, सगळ्या मध्याकडे रोखलेल्या. 6 मिमीची पटाशी खुणेवर सरळ उभी, मोगरीची एकच हलकी टप, 2 मिमी आत. मग साधारण 4 मिमी मागून तिरपं येऊन त्या कापापर्यंत, की एक छोटी तिकोनी ढलपी टुणकन निघते आणि मागे दात उभा राहतो. सगळ्या खाचा एकाच दिशेने, सगळ्यांना सारखीच टप, दात सारखे दिसण्याचं गुपित एवढंच आहे. 3 आणि 9 वाजता हे मस्त चालतं. 12 आणि 6 जवळ मात्र जपून, तिथे उभा काप लाकडाच्या रेषेबरोबरच जातो आणि टप मारली की फट पडून दातच तुटतो, तिथे मोगरी बाजूला ठेवा, पटाशी हाताने दाबा, दोन-तीन पातळ कापांत खोली गाठा. तुटलाच तर ढलपी जपून ठेवा, थेंबभर फेव्हिकॉल, सेलोटेप, उद्या परत.

पॉलिश पेपर मारू नका. मला माहीत आहे हात शिवशिवतो, पण पेपरने दातांच्या कडा मऊ होतात, चर भुशाने भरतात आणि सगळी नक्षी साबणावर काढल्यासारखी दिसायला लागते. जिथे खरखरीत राहिलंय तिथे धार लावून परत एक पातळ काप घ्या.

रंग आणि तेल

माओरी कोरीवकामाचा जुना लाल रंग म्हणजे कोकोवाई, लाल माती शार्कच्या तेलात मिसळून केलेला. लाल माती म्हणजे आपला गेरूच, त्यातही लोहाचाच लाल रंग असतो, आणि तो दादरला पूजेच्या किंवा रंगाच्या दुकानात मिळतो. शार्कच्या तेलाऐवजी जवसाचं तेल घ्या. गेरू बारीक कुटून सुती फडक्यातून गाळा, तेलात पातळ कालवा, ब्रशने सगळ्या चरांमध्ये जाऊ द्या, दहा मिनिटांनी सुती फडक्याने वरच्या कडा पुसा. चरांत लाल राहतं, कडांवर लाकडाचा रंग दिसतो, आणि ते दात जे आत्तापर्यंत नुसते खाचा वाटत होते ते लांबूनसुद्धा मोजता येतात. पूर्ण लाल ठेवायचं असेल तर पुसू नका. खोबरेल तेल लावू नका, ते वाळत नाही आणि वास येतो.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून डब्यात किंवा कचऱ्यात टाकू नका, ती वाळताना आपोआप तापतात आणि पेटू शकतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. तेल पूर्ण वाळायला मुंबईच्या हवेत आठवडाभर तरी धरा, पावसाळ्यात जास्त.

आणि पावसाळ्याचंच, जूनच्या आधी सगळ्या पटाशांना मशीन ऑइल चोळून सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत पाणी धरतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेवर परत कोरड्या होतात. केलेली फळी बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा आणि मागे दोन बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. तरी बुरशीची पांढरी पावडर आली तर कोरड्या ब्रशने झाडा, फळी पंख्याखाली दोन दिवस उभी ठेवा आणि जवसाच्या तेलाचा एक पातळ हात परत द्या.